थोरल्याला चित्र, धाकट्याला आवाज

१

सहाव्या डब्याचं झाकण निघालं आणि फिल्म लॅबच्या त्या गारठलेल्या खोलीत सगळे पुढे वाकले. आतलं रीळ व्यवस्थित गुंडाळलेलं होतं. चिकटलेलं नव्हतं, तुटलेलं नव्हतं. फक्त त्याच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. उजेडापुढे धरलं तर पलीकडची भिंत दिसत होती.

"कोरं आहे," थंडोबा म्हणाला.

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फिल्मचे डबे थंड ठेवावे लागतात म्हणून हा राखणदार जन्मभर तळघरात वावरलेला. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत असलं तरी ह्याच्या अंगात स्वेटर आणि गळ्यात मफलर. बोलतोही असा सावकाश की ऐकणाऱ्याला वाटावं, वाक्य पूर्ण व्हायच्या आत आपण म्हातारे होणार. पण आज तोसुद्धा पटकन बोलला होता.

"कोरं म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"कोरं म्हणजे कोरं!" धाकटा उसळला. "समजलं मला सगळं. विकून खाल्लंस ना? मला वाटलंच होतं!"

"मी? माझ्या डब्यातलं रीळ मी कशाला चोरू? तूच हात मारलास!"

आता हे दोघे कोण आणि कशासाठी एकमेकांच्या अंगावर धावत होते, ते सांगायला हवं. त्यांचे वडील निर्माते होते, सिनेमे काढत. पुष्कळ काढले, आणि त्यातला 'उजेडाची पाळी' हा एकच लोकांच्या मनात घर करून राहिला. नेमका तोच कुणाला बघायला मिळेना. झालं असं की, सिनेमाच्या मूळ निगेटिव्हच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. एकीवर चित्र, दुसरीवर आवाज. दोन्ही एकत्र छापल्या की थिएटरात चालणारी प्रिंट होते. वडील गेल्यावर वाटणीच्या वेळी ही गोष्ट दोघा भावांना कळली, आणि घात झाला. थोरल्याने चित्र घेतलं, धाकट्याने आवाज. प्रत्येकाच्या वाट्याला दहा डबे. दोघांच्या देखत सगळ्यांना लाखेची सीलं लागली, डबे लॅबच्या थंड तळघरात गेले, आणि दोघं हजर असल्याशिवाय एकही सील फोडायचं नाही असा कोर्टाने हुकूम दिला. झालं! पुढची चाळीसेक वर्षं दोघे भाऊ एका खोलीत आलेच नाहीत. अशा रीतीने एक अख्खा सिनेमा दोन हट्टी माणसांच्या मध्ये अडकून बसला.

त्यांना एका खोलीत आणलं ते वकीलबाईंनी. जुन्या सिनेमांचे वारसदार शोधायचे, त्यांना समजवायचं, सह्या घ्यायच्या, हाच त्यांचा धंदा. पण ह्या सिनेमापायी त्यांनी जेवढ्या चपला झिजवल्या तेवढ्या आणखी कशापायी झिजवल्या नव्हत्या. आणि शेवटी सह्या झाल्या त्या धाकट्याच्या अटीवर. आधी थोरल्याचे डबे उघडायचे. एकूण एक रीळ जागेवर असलं, तरच त्याच्या डब्यांची सीलं फुटतील. काही कमी निघालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करार रद्द आणि ज्याचे डबे त्याच्या घरी.

"सील तर शाबूत होतं," वकीलबाई थंडोबाला हळूच म्हणाल्या.

"माझ्या डोळ्यांदेखत फोडलं. जुनीच लाख आहे, बाई."

वकीलबाईंनी ते कोरं रीळ वाकून पाहिलं. सुरुवातीलाच एक गोल भोक पाडलेलं होतं आणि शेजारी शाईची बारीक फुली होती.

"हे काय?"

"ती खूण. प्रत्येक रिळाला असते. चित्र आणि आवाज एका ठिकाणाहून सुरू व्हावेत म्हणून."

"कोऱ्या रिळालासुद्धा?"

थंडोबाने मफलर सारखा केला आणि ती फुली पुन्हा निरखून पाहिली.

"उद्या संध्याकाळी मी गाडी घेऊन येतोय," धाकटा दारातून ओरडला. "माझे डबे तयार ठेवा!"

२

वकीलबाईंना घरी जायची भीती वाटत होती. घरी आत्या होती.

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची सख्खी बहीण, आणि 'उजेडाची पाळी'ची नायिका. तिने जन्मात तो एकच सिनेमा केला. तोही तिने पाहिलेला नव्हता. आणि आता तिचे डोळे चालले होते. मधोमध नुसतं धुकं. जे काय दिसायचं ते कडेकडेने. समोरच्याचं तोंड बघायचं तर ती मान वळवून बाजूला बघायची, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं ही बाई रुसली आहे. उरलेलं दिसणंही आता थोड्या महिन्यांचंच, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

"आलीस का गं, वकील?" आत्याने खिडकीकडे तोंड करून विचारलं. "मिळाला माझा सिनेमा?"

"मिळेल की. थोडं काम राहिलंय."

"हे बघ, डोळ्यांनी मी अधू आहे, कानांनी नाही. काय बिघडलं ते सांग."

वकीलबाईंनी सांगून टाकलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कितवं रीळ?"

"सहावं."

"नेमकं तेच!" आत्याने मांडीवर हात आपटला. "माझं रडण्याचं."

वकीलबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. आत्या ह्या सिनेमाविषयी कधी मोकळेपणी बोलली नव्हती. विषय निघाला की उठून जायची. आज मात्र बोलली.

"समुद्रातल्या दीपगृहाचा राखणदार आणि त्याची बायको, अशी गोष्ट. ती बायको मी. तो होडीतून जातो आणि परत येत नाही. ती जिना चढून वर जाते आणि त्याच्या पाळीचा दिवा आपण लावते. रडता रडता लावते. दिवसभर घेतला तो प्रसंग. इतकी रडले मी की घसा बसला, आठवडाभर शब्द निघेना. मग पुढे आवाज भरायचं काम सुरू झालं. आमच्या वेळी बोलणं, रडणं, हसणं सगळं नंतर खोलीत उभं राहून भरायचे. बाकी प्रत्येक प्रसंगाला मला बोलावणं आलं. ह्या प्रसंगाला नाही."

"का?"

"दिग्दर्शकाला विचारलं, तर म्हणतो कसा, 'त्याची सोय झाली आहे.' सोय! म्हणजे माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी रडायला उभं केलं. माझं तोंड आणि दुसरीचा गळा! अशी आग झाली माझी की मी त्या सिनेमाच्या वाटेला गेले नाही. म्हटलं, राग निवळला की बघू. तोवर पडद्यावरून उतरला, मालक गेले, आणि पोरांनी वाटण्या केल्या."

"पण आता एवढं का बघायचंय तुला?"

"अगं, मरायच्या आधी एवढं तरी कळू दे, माझ्या तोंडात कुणाचं रडणं घातलं ते. नुसतं ऐकून नाही कळायचं. माझे ओठ आणि तिचा गळा जुळतात का, हे बघायला डोळे लागतात." आत्याने मान वळवून कडेने भाचीकडे पाहिलं. "आणि ते थोडेच दिवस आहेत."

उद्या संध्याकाळी डबे आपापल्या घरी गेले, की ह्या जन्मात तरी आत्याला ते दिसणार नव्हतं.

३

सकाळी त्या आधी थोरल्याकडे गेल्या. थोरल्याने चहाही न विचारता सुरुवात केली.

"रीळ चोरून मला काय फायदा सांगा ना! सीलं नसती तर मी कधीच नवे आवाज घातले असते, चार गाणी टाकली असती आणि थिएटरात लावला असता. वाटणीच्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी. चित्र असलं की आवाज काय, कुणाचाही भरता येतो. तेवढ्यात ह्या शहाण्याने कोर्टातून सीलं आणली."

धाकट्याचं म्हणणं उलट. "त्याने बाबांच्या सिनेमाचा तमाशा करू नये म्हणून सीलं आणली. माझा विचार साधा होता. गाणी रेकॉर्डच्या कंपनीला द्यायची, विषय संपला."

"आणि सिनेमा?"

"त्याचं काय करायचं होतं? चित्र नव्हतंच माझ्याकडे."

दोघांवर संशय घ्यावा असे दोघे होते आणि दोघेही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत! रीळ गायब होऊन दोघांचंही वाटोळंच झालं होतं.

मग एक मार्ग उरला. कुठे एखादी जुनी प्रिंट राहिली असेल का? ज्या थिएटरात तो सिनेमा लागला होता तिथला ऑपरेटर अजून होता. थिएटर पाडलं, तेव्हापासून तो पंखे दुरुस्त करायचं दुकान चालवत होता. म्हातारा काटकुळा होता पण बोलायला खमका.

"प्रिंट? विसरा," तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला. "जुन्या प्रिंटा वितळवायचे. चांदी काढायला."

"सिनेमात चांदी?"

"म्हणजे काय! काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जो काळा दिसतो ना, ती चांदीच असते. बारीक कणाकणाची. तुम्ही पडद्यावर सावल्या बघता त्या चांदीच्या असतात, बाई."

वकीलबाई थक्क झाल्या. एवढी वर्षं ह्या धंद्यात काढली आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आत्याचे लांबसडक काळे केस त्यांनी फोटोत पाहिले होते. ते केस, त्या जिन्यातला अंधार, सगळं चांदीचं! आणि माणसांनी ते भट्टीत घातलं.

"सिनेमा आठवतो तुम्हाला?"

ऑपरेटरने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "हजारो सिनेमे चालवले मी. बहुतेक झोपेत चालवले. पण तो प्रसंग लागला की मी केबिनच्या झरोक्याशी उभा राहायचो. बाई दिवा लावायला चढते तो. दिग्दर्शक पहिल्या दिवशी स्वतः येऊन दम देऊन गेला होता, काही झालं तरी मशीनला हात लावायचा नाही. आणि झालं बघा! पहिल्याच खेळाला शिट्ट्या. पब्लिक मागे वळून माझ्या नावाने बोंबा मारायला लागलं. म्हटलं, आता खुर्च्या फोडणार! पण बाई वर पोचली, तिने काडी ओढली, आणि सगळे चिडीचूप. अहो, शेवटच्या रांगेत डोअरकीपर चालायचा त्याच्या बुटांची करकर मला केबिनमध्ये ऐकू यायची! असं थिएटर मी पुन्हा पाहिलं नाही. अंगावर काटा आलाय बघा आत्ता."

त्याच्या काटकुळ्या हातावर खरोखरच काटा आला होता. वकीलबाईंच्याही आला. पण उठताना त्यांच्या मनात एक बारीक खडा टोचत राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, समजलं. पण मागे वळून ऑपरेटरच्या नावाने बोंबा कशाला मारल्या?

४

अक्का शेवटची. दोघा भावांची मोठी बहीण. वडिलांच्या हाताखाली तिने फिल्म कापायचं आणि जोडायचं काम केलं होतं, 'उजेडाची पाळी'चं रीळ न् रीळ तिच्या बोटांतून गेलं होतं. वाटणीत मात्र तिचं नाव नव्हतं. चित्र एकाला, आवाज दुसऱ्याला, आणि अक्काला काय? तर अक्काचं लग्न करून दिलेलं होतं!

अक्का टेबलाशी बसून फाटलेली पुस्तकं शिवत होती. बोटं म्हातारी झाली होती, पण दोरा एका दमात सुईत गेला.

"या, वकीलबाई. उशीरच केलात. कालच वाट बघत होते."

"तुम्हाला कळलं?"

"धाकट्याच्या आवाजात कळलं. फोनवरून नव्हे, रस्त्यावरून ओरडत जात होता तो!"

वकीलबाईंना हसू आलं. मग त्यांनी आत्याचं सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. अक्काचा हात थांबला.

"अजून तिला तेच वाटतंय? दुसरीने आवाज दिला म्हणून?"

"नव्हता दिला?"

"आवाज भरायच्या खोलीत मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होते. तुमच्या आत्याशिवाय दुसरी बाई तिथे आली नाही. मी सोडून."

"मग तुम्ही रडलात तिच्या जागी?"

अक्का इतकी हसली की सुई खाली पडली. "मी? मी नुसतं गुणगुणले तर शेजारचे खिडक्या लावून घेतात!"

"मग कुणाचा आवाज आहे तो?"

अक्काने सुई उचलली. तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं. "तुम्ही वकील आहात. मी सांगितलं तर म्हातारीची बडबड. तुम्ही शोधलंत तर त्याला किंमत." आणि दाराकडे बघून म्हणाली, "संध्याकाळ व्हायला फार वेळ नाही. बघा बाई."

वकीलबाई वैतागून बाहेर पडल्या. ह्या घरातला एकही माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ! रस्त्याकडेच्या बाकावर त्या मटकन बसल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडू लागल्या. आत्याला बोलावलं नाही. दुसरी कुणी आली नाही. दिग्दर्शक म्हणाला, सोय झाली आहे. पब्लिकने मागे वळून ऑपरेटरला शिव्या दिल्या. थिएटरात लोक मागे वळून ऑपरेटरच्या नावाने कधी ओरडतात? चित्र दिसत असताना? आणि सिनेमा चालू असताना शेवटच्या रांगेतल्या बुटांची करकर केबिनमध्ये ऐकू येते, ती कधी?

"अगं बाई!" वकीलबाई एकट्याच मोठ्याने म्हणाल्या, आणि त्या लॅबच्या दिशेने अक्षरशः धावत सुटल्या.

५

धाकट्याची गाडी दारात उभी होती. नऊ डबे आत गेले होते, दहावा त्याच्या हातात होता. थोरला पायरीवर उभा राहून त्याला नाही नाही ते बोलत होता आणि थंडोबा दोघांच्या मध्ये, वाहत्या रस्त्यात अडकलेल्या माणसासारखा, हात वर करून उभा होता.

"थांबा!" वकीलबाईंना धाप लागली होती. "एक डबा उघडा. फक्त एक. सहावा."

"करार काय ठरलाय? त्याची रिळं पुरी नाहीत. माझी सीलं फुटणार नाहीत!"

"मी पैज लावते. सहाव्या डब्यात आवाजाची पट्टी निघाली, तर तुमच्या थोरल्या भावाने रीळ लांबवलं असं मी लिहून देईन. कोर्टात उभी राहून सांगेन."

"अहो!" थोरला ओरडला.

धाकट्याच्या डोळ्यांत चमक आली. थोरल्याला कोर्टात तोंडघशी पडलेला बघायची संधी! ती त्याला सोडवेना. "आणि नाही निघाली तर?"

"तर बाकीची सीलंही फुटतील."

"आवाजाच्या डब्यात आवाज नाही तर काय निघणार? कबूल!"

पाच मिनिटंही गेली नसतील, सगळे खाली थंड खोलीत उभे होते. लाख फुटली. झाकण निघालं. थंडोबाने पट्टीचं टोक उचलून दिव्याच्या काचेवर ठेवलं आणि त्याच्या तोंडून "आई गं!" एवढंच आलं.

काचेवर एक बाई होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं. तिचे केस पांढरेशुभ्र होते आणि चेहरा काळा. एका बाजूने दिव्याचा झोत पडला होता, तिथे गालावर गडद काळी चांदी साचली होती. वकीलबाईंनी भिंग लावलं. उघडं तोंड, ताणलेल्या शिरा. पुढची चौकट, त्याच्या पुढची, जराजराशी बदलत जाणारी. त्यांची आत्या. विशीतली. चाळीस वर्षं अंधारात, थंडीत, एका हट्टाच्या आत गुंडाळून ठेवलेली, आणि जशीच्या तशी. वकीलबाईंनी नकळत हात जोडले.

थोरल्याने मात्र मुहूर्त साधला. "चोर! तुझ्या डब्यात निघालं! चोर!"

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी नाही... खरंच, मला माहीतच..."

"गप्प बसा दोघंही," वकीलबाई म्हणाल्या. "ह्यातलं काहीच चोरीला गेलं नाही. अदलाबदल झाली. सहाव्या रिळाला आवाज नव्हताच मुळी."

"नव्हता म्हणजे?"

"ना बोलणं, ना रडणं, ना संगीत. दिग्दर्शकाने ते अख्खं रीळ मुकं ठेवलं. म्हणून पब्लिकला वाटलं, आवाज गेला, आणि ते ऑपरेटरच्या नावाने ओरडलं. म्हणून माझ्या आत्याला बोलावलं नाही आणि दुसरीलाही नाही. मग आवाजाच्या सहाव्या डब्यात काय ठेवणार? तेवढ्याच लांबीची कोरी फिल्म. तिलाही भोक आणि फुली, कारण चित्राबरोबर ती जुळायला हवी. चोराने कोरी फिल्म भरली असती तर त्याने फुलीची कटकट कशाला केली असती? ती कोरी पट्टी आवाजाच्या डब्यातून उचलून चित्राच्या डब्यात गेली, आणि चित्र आवाजाच्या डब्यात. सीलं लागायच्या आधी."

"पण कुणी?" दोघा भावांनी एकदम विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं.

"ते रीळ मुकं आहे हे दिग्दर्शकाला माहीत होतं, तुमच्या वडिलांना माहीत होतं. ते दोघेही नाहीत. तुम्ही दोघांनी सिनेमा धड पाहिलाही नसणार, नाहीतर हे तुम्हालाही ठाऊक असतं. उरलं कोण? ज्या माणसाने ती रिळं जोडली आणि फुल्या मारल्या."

"बाई," थंडोबा सावकाश म्हणाला, "बाहेर बाकावर एक आजी बसल्यात. आपण खाली उतरत होतो तेव्हाच आल्या. मला वाटलं, कुणाला तरी न्यायला आल्यात."

६

अक्का मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"सापडलं?" तिने वकीलबाईंना विचारलं. "बरं झालं. तुम्हाला नसतं सुचलं तर मीच आत येणार होते. त्या बाईचे डोळे चाललेत हे कळल्यावर गप्प कशी राहीन मी?"

"अक्का, तू?" धाकटा तिच्यासमोर उभा होता आणि अचानक फार लहान दिसत होता. "का?"

"हा म्हणाला, नवे आवाज घालतो. तू म्हणालास, गाणी तेवढी विकतो. बाबांचा सिनेमा तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासमोर जिवंत कापायला घेतलात. मी म्हटलं, ह्याच्या चित्रातला प्राण काढून त्याच्या डब्यात ठेवते. म्हणजे एकाला दुसऱ्यावाचून पाऊल टाकता येणार नाही. दोघं शेजारी बसून सगळे डबे उघडतील, तेव्हा सापडेल. वाटलं, फार तर वर्षभर भांडाल." अक्काने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चुकलंच माझं. भावांना ओळखलं नाही मी. एवढे हट्टी असाल असं वाटलं नव्हतं रे."

"मग सांगायचं होतंस!" थोरला म्हणाला.

"आले होते की सांगायला. तुझ्याच दारात आले होते. तू काय म्हणालास आठवतं? 'अक्का, डब्यांचं बोलायचं असेल तर चहा घे आणि जा. वाटणीत तुझा संबंध नाही.' चहा घेतला आणि गेले. धाकट्याने चहासुद्धा विचारला नाही. त्यानंतर कुणी मला विचारलं का? तुझ्या हातून गेलीत ती रिळं, तुला काही ठाऊक आहे का, असं एकदा तरी?"

थोरला चष्मा पुसत राहिला. मग तो बाकावर अक्काच्या एका बाजूला बसला. थोडा वेळ घुटमळून धाकटा दुसऱ्या बाजूला बसला.

"वकीलबाई," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "फोडा सगळी सीलं."

"सगळी नंतर," वकीलबाई म्हणाल्या. "लॅबने आधी सहावं रीळ करायचं. बाकीची थांबतील."

७

रीळ साफ करून पडद्यावर घालण्याजोगं व्हायला काही आठवडे लागले. लॅबच्या छोट्या थिएटरात खुर्च्या मोजक्याच होत्या. दोघे भाऊ, अक्का, थंडोबा, आणि मशीनपाशी, पंख्याचं दुकान बंद करून आलेला ऑपरेटर. वकीलबाईंनी आत्याला रीळ सापडल्याचं सांगितलं होतं. पण ते मुकं आहे हे सांगितलं नव्हतं. ते आत्याने स्वतः बघायचं होतं.

अंधार झाला. पडदा उजळला. समुद्र, खडक, आणि दगडी मनोऱ्याचं दार.

आत्या मान वळवून कडेने बघत होती. तिची सगळी शक्ती कानांत एकवटली होती. पडद्यावरची तरुण बाई जिना चढू लागली. पावलं वाजली नाहीत. लाटा फुटल्या, त्याही वाजल्या नाहीत. तिने भिंतीला धरलं, तोंड उघडलं.

"आवाज गेला वाटतं," आत्या कुजबुजली. "सांग गं त्यांना, आवाज गेलाय."

"नाही गेला, आत्या. नव्हताच. कुणाचाच नाही घातला."

आत्या उठली. वकीलबाई हात धरायला गेल्या, तर तिने तो सोडवला आणि खुर्च्यांना चाचपत पुढे गेली. पार पडद्यापाशी. तिथे ती आडवी उभी राहिली, तोंड बाजूच्या भिंतीकडे, म्हणजे कडेने तिला सगळं दिसेल. वर, तिच्या डोक्याच्या कितीतरी वर, तिचाच भला थोरला चेहरा फाटल्यासारखा रडत होता आणि खोलीत श्वासाचाही आवाज नव्हता. वर पोचून त्या बाईने काडी ओढली. दिवा पेटला. झोत फिरू लागला; एकदा तिच्या चेहऱ्यावरून, एकदा समुद्रावरून, पुन्हा चेहऱ्यावरून. रडणं थांबलं नव्हतं, पण हात दिव्याचं काम करत होते. वकीलबाईंना आपण कुठे आहोत हे आठवेना. असं काही जगात असतं आणि ते डब्यात राहू शकतं, ह्याचंच त्यांना नवल वाटत होतं.

रीळ संपलं. दिवे लागले. अक्का तोंडावर हात धरून बसली होती, आणि दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता डोळे पुसत होते.

आत्या पडद्यापाशीच उभी होती.

"इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या मी," ती म्हणाली. "वाटलं, माझं रडणं त्याला कमी पडलं. तर ते एवढं झालं होतं की त्याला वर आवाज लागलाच नाही."

थंडोबा पुढे झाला. "आजी, बाकीच्या रिळांना अजून बरेच महिने लागतील. पण आम्ही घाई करू, तुमच्या डोळ्यांसाठी."

"कशाला घाई? नीट करा, सावकाश करा," आत्या म्हणाली. "बाकी सगळ्यांत मी बोलले आहे. डोळे गेले तरी ती मला ऐकू येतील. हे एवढंच बघायचं होतं."

आणि ऑपरेटरकडे मान वळवून तिने सांगितलं, "पुन्हा एकदा लावा."